पाणी कुठं घालायचं?

पसरणी घाटात गाडी बाजूला घेतली की दोन मिनिटांच्या आत कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन येतं. आजवर हे चुकलेलं नाही. कधी स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेला टेम्पोवाला, कधी मोटारसायकलवरचं नवीन जोडपं, एकदा तर एसटीचा कंडक्टर उतरून आला, मागं अख्खी गाडी खोळंबलेली असताना. आपला माणूस भांडखोर म्हणून बदनाम आहे, पण घाटात थांबलेल्या गाडीला तो पाणी पाजल्याशिवाय पुढं जात नाही.

बाटली घेऊन आलेला माणूस थेट पुढं जातो आणि बॉनेटची कडी शोधायला लागतो. मी ते उघडून दाखवतो. आत स्टेपनी, पेट्रोलची टाकी आणि बायकोचा डब्यांचा पिशवा. तो बुचकळ्यात पडून मागं येतो. मागचं झाकण उघडलं की इंजिन दिसतं, पण रेडिएटर दिसत नाही, होजपाइप दिसत नाही, टोपण असलेली टाकी दिसत नाही. मग प्रश्न येतो, "पाणी कुठं घालायचं?"

"पाणी नसतं हिला. हवेवर असते."

"हवेवर चालते?"

"चालते पेट्रोलवरच. थंड हवेवर होते."

हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारा भाव मला पाठ झालाय. कडक उपास, साबुदाणासुद्धा चालत नाही, असं कुणी सांगितल्यावर यावा तसा.

गाडी १९६६ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसी, चाळीस हॉर्सपॉवर. पाचगणीच्या एका घरातून ती माझ्याकडं आली. त्या घरात ती वर्षानुवर्षं पोर्चमध्ये उभी होती आणि तिच्यावर बोगनवेल चढली होती. मी सहकारी बँकेत जन्मभर हिशेब तपासले. गाड्यांतलं मला काडीचं कळत नव्हतं. दिसली, आवडली, घेतली.

हिच्या डॅशबोर्डवर एक मोठी तबकडी आहे. वेग आणि किलोमीटर तिच्यातच, आणि तिच्यात दोन दिवे. हिरवा ऑइलच्या दाबाचा, लाल डायनामोचा. शेजारी पेट्रोलचा बारका काटा. संपलं. इंजिन किती तापलंय हे सांगणारा काटा नाही, आणि तो कुणी काढून टाकलाय असंही नाही, कारखान्यातूनच नव्हता. घेतल्यानंतर पहिले काही महिने मला हे फार चांगलं लक्षण वाटत होतं. ज्या घरात थर्मामीटर नाही त्या घरात ताप नाही, अशी काहीशी माझी समजूत.

खरं तर लाल दिवा हाच तिचा थर्मामीटर आहे, पण तो थर्मामीटर फक्त दोनच गोष्टी सांगतो: सगळं ठीक, किंवा सगळं संपलं. डायनामो आणि पंखा एकाच दांड्यावर बसवलेले आहेत. इंजिनाच्या पुलीवरून एक पट्टा वर येतो, डायनामो फिरवतो, आणि डायनामोच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या मोठ्या डब्यात बसलेला पंखा त्याच्याबरोबर फिरतो. पट्टा तुटला की चार्जिंग गेलं, आणि त्याच क्षणी वारा गेला. इतर गाड्यांत बॅटरीचा दिवा लागला तर माणूस म्हणतो, घरी पोचू मग बघू. हिच्यात लागला तर जिथं असाल तिथं गाडी कडेला घ्यायची आणि चावी फिरवायची. एक किलोमीटरही नाही.

चेतक स्कूटर ज्यांनी उघडून पाहिलीय त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथंही चुंबकाच्या चाकावर पाती आणि हेडवर पत्र्याचं आवरण, वारा नेमका तिथं पोचवायला. बीटलमध्ये तेच मोठ्या पसाऱ्यात. चार सिलिंडर, दोन डावीकडं दोन उजवीकडं, आडवे झोपलेले. बिडाच्या सिलिंडरांना आणि ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाला, पातळ फिन्स, पाकळ्यांसारख्या. पंखा मागच्या काचेखालच्या जाळीतून हवा ओढतो, डब्यातून खाली रेटतो, ती फिन्सच्या फटींतून जाते आणि गाडीखाली बाहेर पडते.

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात ही गाडी आखली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ऊन नव्हतं, बर्फ होतं. जर्मनीतल्या साध्या माणसाकडं गाडी ठेवायला छप्पर नव्हतं. गाडी हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर राहणार, आत पाणी असेल तर गोठणार, गोठताना फुगून ब्लॉक फोडणार. म्हणून पाणीच नको. थंडीवर काढलेला हा तोडगा पुढं ब्राझील आणि मेक्सिकोच्या उन्हातही चालला. मेक्सिकोतल्या पुएब्ला इथं २००३ साली शेवटची बीटल बाहेर पडली तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. आता त्याच कंपनीचा कारखाना आमच्या चाकणला आहे. तिथून निघणाऱ्या सगळ्या गाड्या मुकाट पाणी पितात.

तर मी ही गाडी जपायला लागलो.

जपणं म्हणजे काय, तर आवाज होऊ द्यायचा नाही. लवकरात लवकर चौथा गिअर टाकायचा आणि ताशी पस्तीसनं गुरगुरत जायचं. चढ आला तरी गिअर खाली आणायचा नाही, पाय दाबायचा आणि ती बिचारी चढतेय तोवर चढू द्यायची. इंजिन ओरडलं की माझ्या पोटात तुटायचं. म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावल्यासारखं वाटायचं. घरातून कर्वे रोड, कर्वे रोडवरून घर, चार किलोमीटर, तेही रविवारी सकाळी रहदारी नसताना. पाच वर्षं अशी गेली.

त्या पाच वर्षांत गाडी मला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती. दर पाच हजार किलोमीटरला, आणि माझी गाडी तेवढी पळतच नसल्यामुळं दर सहा महिन्यांनी, मी टॅपेट, म्हणजे वॉल्वची फट, तपासायचो. हे काम मी शिकून घेतलं होतं. गाडी रात्रभर थंड झालेली, सकाळी चहाआधी, खाली सतरंजी टाकून झोपायचं, वॉल्वचं झाकण उचकटायचं, आणि रॉकर आणि वॉल्वच्या दांडीमध्ये फिलरची, म्हणजे फट मोजायची, पट्टी सरकवून बघायची. फट ०.१० मिलिमीटर हवी. पट्टी सरकताना किंचित अडली पाहिजे, लोण्यात सुरी गेल्यासारखी. सात वॉल्वना ती तशीच जायची. आठव्याला, तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्वला, ती जायचीच नाही. फट मिटलेली असायची. मी स्क्रू ढिला करून फट पुन्हा काढायचो, झाकण लावायचो, हात धुऊन चहा प्यायचो. पुढच्या वेळी पुन्हा मिटलेली.

हिशेबतपासणीत एकाच खात्यात दर सहामाहीला तीच तफावत निघाली असती तर मी त्या शाखेची झोप उडवली असती. इथं मी दर वेळी नोंद दुरुस्त करून पुढं गेलो.

फट का मिटते? एक्झॉस्ट वॉल्व लाल होण्याइतका तापतो. त्याच्या अंगातली उष्णता बाहेर जायची मुख्य वाट एकच: तो बंद होऊन सीटवर टेकतो तेवढ्या क्षणात ती सीटमधून हेडमध्ये उतरते. वॉल्व सतत जास्त तापला तर त्याची मान ताणली जाते, कणाकणानं लांबते, सीटही खचते. लांबला की फट कमी. फट संपली की तो पुरता टेकत नाही, आणि टेकत नाही म्हणून आणखी तापतो. म्हणजे ती पट्टी हाच माझा तापमानाचा काटा होता, काटा नसलेल्या गाडीतला. तो मला वाचता येत नव्हता.

शेवटी गाडी खेचेनाशी झाली. नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकडं नेली. वय सत्तरीच्या पुढं, एका डोळ्यात मोतीबिंदू, हात मात्र पोरासारखे. बीटलचं इंजिन उतरवणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे. चार बोल्ट, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली, चारदोन वायरी. इंजिन जॅकवर येतं, गाडी वर उचलायची आणि इंजिन खालून ओढून घ्यायचं. तासाभरात ते जमिनीवर होतं, उलट्या पडलेल्या कासवासारखं. दुपारी त्यांनी डावं हेड सोडवलं आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल्व काढून माझ्या तळहातावर ठेवला.

वॉल्वची कड एका बाजूनं कुरतडल्यासारखी झाली होती. उंदरानं भाकरीची कड खावी तशी. मान मधेच बारीक झाली होती, आणि जिथं मान टोपीला मिळते तिथं एक रेघ होती, केसाएवढी. नखानं चाचपल्यावर लागली.

"अजून महिनाभर चालवली असती तर टोपी तुटून पिस्टनमध्ये गेली असती," मिस्त्री म्हणाले.

"मी तर फार हळू चालवत होतो हो."

"म्हणूनच."

एवढंच बोलून ते चहाला गेले. बाकीचं मला पुढच्या दोन वर्षांत कळलं, आणि बरंचसं काट्यामुळं कळलं. पण त्याआधी त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या.

पहिली: तीनच नंबर का. पंख्याच्या डब्यात डाव्या बाजूला ऑइल कूलर उभा केलेला असतो, बरोबर तीन नंबरच्या डोक्यावर. म्हणजे त्या सिलिंडरला येणारा वारा आधी कूलरला लागून, गरम होऊन, अंग चोरून येतो. आकडेमोड करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या काही डिस्ट्रिब्युटरांत तीन नंबरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा ठेवलेली असते, आणि १९७१ च्या मॉडेलपासून तर कूलर तिथून हलवून त्याला मागं वेगळं घर करून दिलं. माझी गाडी १९६६ ची. तिचा तिसरा मुलगा कायम उरलेलं जेवतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. उजव्या सिलिंडरांच्या खाली पितळी फुग्याच्या घड्यांसारखा एक थर्मोस्टॅट असतो. थंडीत तो आखडलेला असतो आणि डब्यातले पडदे मिटून ठेवतो. पासष्ट ते सत्तर अंशांला तो फुगतो, सळई वर ढकलतो, पडदे उघडतात. माझ्या गाडीत तो नव्हता. सळई नव्हती. पडदेही नव्हते. पूर्वी कधीतरी एका गॅरेजनं "आपल्याकडं गरम हवा, याची काय गरज" म्हणून ते भंगारात टाकले होते. तीच गोष्ट हीटरची. पंख्याच्या डब्यातून हीटरकडं दोन जाड नळ्या जातात. पुण्यात हीटर कोण लावतो म्हणून त्या काढल्या होत्या आणि भोकं उघडीच ठेवली होती. पाच वर्षं माझ्या इंजिनाचा वारा त्या दोन भोकांतून फुकट जात होता.

थर्मोस्टॅट काढण्यामागचा हिशेब मुळातच चुकलेला आहे. फिन्स दोनशे अंशांना तापलेल्या धरा. जर्मनीतल्या वीस अंशांच्या दिवशी त्यांच्यात आणि हवेत फरक एकशे ऐंशीचा. पुण्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी एकशे साठचा. उष्णता वाहते ती या फरकावर. म्हणजे आपल्या वैशाखाची झळ भरते जेमतेम अकरा टक्के. माणसाला घाम फुटतो म्हणून इंजिनालाही तेवढंच होत असेल असं आपण समजतो. आणि तो पितळी फुगा फुटलाच, तरी तो ताणलेल्या अवस्थेत जातो, पडदे उघडेच राहतात. करणाऱ्यानं इतका विचार केला होता. शिवाय ते पडदे नुसते आडवे येत नाहीत, उघडे असताना वारा वळवून कडेच्या फिन्सपर्यंत नेतात. काढले की वारा जिकडं सोपं तिकडं जातो.

मग काटा आला. खरं म्हणजे दोन. ऑइलचं तापमान दाखवणारा एक, आणि तीन नंबरच्या प्लगखाली वायसरच्या जागी बसणाऱ्या तांब्याच्या कडीचा दुसरा. कडीला थर्मोकपल जोडलेलं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि दोन टोकांच्या तापमानात फरक पडला की त्यांत इवलासा विजेचा दाब तयार होतो, हे सीबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली पाहिलं, त्यावर हा काटा चालतो. यात एक मेख आहे. तो मोजतो फरक. दुसरं टोक किती तापलंय हे साध्या काट्याला कळत नाही. ते वीसेक अंशांवर आहे असं तो गृहीत धरतो. मला हे स्वयंपाकघरात कळलं. मे महिन्यात बायकोच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन कडी त्यात बुडवली, काटा त्र्याऐंशीच्या वर जाईना. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं, समुद्रापासून उंचीवर असल्यामुळं, तेवढं सोडलं तरी पंधरा अंश गायब. ते पंधरा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. तेव्हापासून माझ्या वहीत तीन रकाने आहेत: काटा, गाडीच्या आतली हवा, खरा आकडा. बायको म्हणाली, "निवृत्त झालात असं वाटलं होतं."

पहिला महिना मी रस्ता बघितलाच नाही. सिग्नलला हेड दीडशे. साताऱ्याच्या रस्त्यावर ताशी सत्तरला एकशे सत्तर, ऑइल नव्वद. दोनशेपर्यंत मी शांत असायचो, दोनशे दहाला घाम. दोनशे तीसच्या पुढं हेडचं ॲल्युमिनियम मऊ पडायला लागतं, हे वाचून ठेवलं होतं. ऑइलचं गणित सोपं, ऐंशी ते शंभर चांगलं, एकशे वीसला थांबून विचार करावा. "अहो, समोर बघा," हे वाक्य बायकोनं त्या महिन्यात इतक्यांदा म्हटलं की शेवटी तिनंच काटा बघायचं काम घेतलं. ती आकडा मोठ्यानं म्हणायची, मी चालवायचो. वहीत तिच्या अक्षरातली पानं माझ्यापेक्षा नीटस आहेत.

मार्चमधली सकाळ, आम्ही दोघं आणि दोन पिशव्या. वाई सोडली, पसरणी घाट सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीस, पाय जवळजवळ पुरा दाबलेला, इंजिन खालच्या सुरात घुमतंय. मला तो आवाज फार आवडायचा. बायको म्हणाली, "दोनशे." दोन वळणांनंतर, "दोनशे बारा." मग "एकोणीस." पूर्वीच्या सवयीनं मी वेग आणखी कमी केला, गिअर तोच. "पंचवीस," ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात काळजी होती.

मी दुसरा गिअर टाकला. काय विचार केला ते आठवत नाही. बहुधा थांबायलाच निघालो होतो. इंजिन एकदम वरच्या पट्टीत गेलं, मागून किंकाळीसारखा आवाज, बायको ओरडली, "अहो, बिचारी रडतेय!" आणि त्याच दमात, "थांबा. उतरतंय. वीस. पंधरा." पुढच्या वळणाला दोनशे पाच. वाई पाठीमागं खाली राहिली, समोर पाचगणीची झाडं दिसायला लागली तेव्हा एकशे पंच्याण्णव.

पंखा इंजिनाला बांधलेला आहे. इंजिन जेवढं फिरेल तेवढा वारा. मी पाच वर्षं चढावर आग पुरी लावून पंखा हळू करत होतो, आणि त्याला जपणं म्हणत होतो. ती किंकाळी वेदनेची नव्हती. ती पंख्याची होती.

त्याच सकाळी दुसऱ्या काट्यानं मात्र वेगळं सांगितलं. हेड उतरत असताना ऑइल चढत होतं. बाण्णववरून एकशे आठवर. इंजिन जोरात फिरलं की ऑइलचं घर्षण वाढतं. फरक एवढाच की हेड सेकंदांत बोलतं आणि ऑइल पंधरा-वीस मिनिटांनी. एक जावई, एक सासरे. म्हणून घाट संपल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर गाडी तशीच फिरू द्यायची. आणि बंद केल्यावर हेडचा काटा सातआठ अंशांनी वर जातो त्याला घाबरायचं नाही: वारा थांबलेला असतो, आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. पहिल्यांदा तो चढताना पाहून मी पुन्हा सेल्फ मारला होता.

काटा सगळं सांगतो असं मात्र नाही. तो एका सिलिंडरच्या एका प्लगखालची हकिकत सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यानंतर ऑइल कारण नसताना सात अंश जास्त दाखवू लागलं, हेड जवळपास जागेवर. महिनाभर मी टायमिंग बघितलं, ऑइल बदललं, काट्याला शिव्या दिल्या. शेवटी मिस्त्रींनी पंख्याचा डबा उचलला. कूलरच्या पट्ट्यांवर उंदराचं घर होतं. काथ्या, सीटमधला घोड्याच्या केसांचा भुसा, आमच्याच भाचीच्या लग्नाची पत्रिका, आणि त्या पत्रिकेवरचा गणपती मात्र अख्खा, सोंडेसकट. मिस्त्रींनी तो डबीत ठेवून मला दिला. गणपतीच्या वाहनानं गणपती सोडला, एवढीच मी त्यातून काढलेली समजूत.

इथं पत्र्यांविषयी बोललंच पाहिजे, कारण पाण्याच्या गाड्यांची सवय असलेल्या मिस्त्रींना ते समजत नाहीत. इंजिनाभोवतीचे ते काळे पत्रे शोभेचे नाहीत. त्यांच्या वर थंड हवा, खाली गरम हवा, मध्ये भिंत. भिंतीच्या कडेनं एक रबरी पट्टी असते, बॉडीला चिकटणारी. ती कुजली, की सायलेन्सरवरून तापून आलेली हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. काही जण मागचं झाकण टेकू लावून उघडं ठेवतात. दिसायला मोकळं वाटतं. मी दोन रविवार एकाच रस्त्यावर उघडं आणि बंद करून पाहिलं. बंद असताना माझं हेड सहा अंशांनी थंड होतं. रबरी पट्टी बदलल्यावर आणखी आठ. या पट्टीला मला लागले साडेआठशे रुपये. वॉल्वच्या कामाचा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा आलाय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. आमच्याकडच्या साखर कारखान्यांना बरे दिवस आले, शेतकऱ्याला पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे मामेभाऊ ऊसवालेच आहेत. पण इथेनॉलमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजन आधीच असतो. एक किलो पेट्रोल जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊ. आजची गाडी हे हुंगून आपोआप पेट्रोल वाढवते. माझ्या सोलेक्स कार्बोरेटरला नाक नाही. त्याच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या भोकातून, जेवढं यायचं तेवढंच येतं, आणि मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण गाडीला चढावर तापवतं. प्लग काढून बघितले तर चिनीमातीचा रंग बिस्किटी असायचा तो खडूसारखा पांढरा झाला होता, काटा चढावर दहा अंश वर. एक नंबर मोठा जेट घातला, प्लग पुन्हा बिस्किटी झाले. रबरी नळ्या बदलल्या, कारण त्याही इथेनॉल खातं. ऊस मामेभावांचा, जेट माझा.

आणि तापण्याइतकीच न तापण्याचीही भीती असते, हे मला पावसाळ्यानं शिकवलं. माझे ते चार किलोमीटरचे रविवार. ऑइल पन्नास अंशांच्या वर जायचंच नाही. इंजिनात जळणाऱ्या प्रत्येक थेंबातून पाण्याची वाफ निघते, थोडी ऑइलमध्ये उतरते. ऑइल नीट तापलं की उडून जाते, नाही तापलं तर तिथंच राहते. एकदा जुलैत ऑइलचं टोपण काढलं तर आत दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर. बोटानं काढला, वास घेतला, पेट्रोलचाही वास होता. या इंजिनात ऑइल अडीच लिटर, आणि फिल्टर नाही, नुसती जाळी. एवढ्याशा ऑइलला आम्ही वर्षभर सर्दी करून ठेवली होती. थर्मोस्टॅट आणि पडदे जुन्या बाजारातून मिळवून बसवले, तेव्हा मिस्त्री हसले. म्हणाले, "पन्नास वर्षं लोक माझ्याकडं हे काढायला आले. बसवायला आलेले तुम्हीच." आता रविवारी मी चार किलोमीटर जात नाही. गेलो तर खेड शिवापूरच्या पुढं जातो, नाहीतर गाडी काढतच नाही.

मागच्या डिसेंबरात पाचगणीहून परतत होतो. वाई मागं पडली, हमरस्ता लागला, संध्याकाळचे साडेपाच. ऑइल चौऱ्याण्णव, हेड एकशे बहात्तर, बायकोनं वहीत लिहिलं आणि वही मिटली. पाचएक मिनिटांनी मागच्या बाजूला काहीतरी फटकन वाजलं, चाबूक ओढल्यासारखं, आणि आवाजातला एक सूर नाहीसा झाला. गाडी पळत होती. काटे जागच्या जागी. लाल दिवा लागला.

मी काटे बघितले नाहीत. गाडी कडेला घेऊन चावी फिरवली. थांबल्यावर हेडचा काटा सावकाश चढू लागला, एकशे ऐंशी, एकशे नव्वद, जणू त्याला आता कुठं बातमी पोचली होती.

पट्टा पाठीमागं रस्त्यावर पडला होता, साप मेल्यासारखा. नवा डिक्कीत, म्हणजे पुढं, स्टेपनीच्या पोटात असतोच. प्लगचा पाना पुलीच्या नटालाही बसतो, एकवीस नंबरी, ही सोय करणाऱ्याला मी मनात दर वेळी नमस्कार करतो. पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवायचा, नट सोडायचा, पुलीचा बाहेरचा अर्धा भाग येतो, आत वायसर. वायसर मोजून ठेवायचे: जेवढे मध्ये कमी तेवढा पट्टा घट्ट, उरलेले बाहेर नटाखाली, टाकायचे नाहीत. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा दीडेक सेंटिमीटर बसला पाहिजे. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि बायको मोबाइलचा उजेड धरून उभी होती, तेवढ्यात मोटारसायकल थांबली. पंचविशीतला मुलगा. हातात लिटरची बाटली.

"काका, गरम झाली का? कुठं घालायचं?"

मी दोन्ही हात पुढं केले. "इथं."

त्यानं ओतलं. मी हात चोळले, काळं पाणी डांबरावर सांडलं, त्यानं पुन्हा ओतलं. उरलेलं बायको प्यायली.

"आणि गाडीला?" त्यानं रिकामी बाटली उलटी करून बघत विचारलं.

मी सेल्फ मारला. लाल दिवा विझला. त्याला मागं बोलावून जाळीजवळ हात धरायला सांगितला. पंख्यानं हवा ओढली तशी त्यानं दुसऱ्या हातातली बाटली जाळीपासून लांब धरली आणि तळहात आणखी जवळ नेला.